मातीआड गेलेले तीन फूट : सांगलीतील एका घराच्या जादा बिलाचे प्रकरण

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सांगलीतील एका माध्यमिक शिक्षकांच्या हाती त्यांच्या ठेकेदाराने दोन पानी हिशेब ठेवला. नव्या घराच्या कराराची रक्कम २७ लाख ७५ हजार रुपये होती, त्यापैकी २६ लाख ५० हजार रुपये देऊन झाले होते आणि सर उरलेल्या सव्वा लाखाची तजवीज करून बसले होते. हिशेबाच्या दुसऱ्या पानावर ‘जादा काम’ या मथळ्याखाली आठ बाबी लिहिलेल्या होत्या आणि त्यांची बेरीज ८ लाख ७६ हजार ७४० रुपये होती, म्हणजे मूळ रकमेच्या जवळपास एकतृतीयांश. वास्तुशांतीची तिथी तुळशीच्या लग्नानंतरची धरलेली होती, पत्रिका छापायला गेल्या होत्या, आणि मुख्य दाराची किल्ली अजून ठेकेदाराच्या खिशात होती.

मी सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो असून या दोघांनाही ओळखतो. सरांना ठेकेदार लबाड वाटू लागला होता आणि ठेकेदाराला सर कामापुरते गोड बोलणारे वाटू लागले होते. या मुक्कामाला पोहोचलेली माणसे सहसा वकिलाकडे जातात. या दोघांनी मला मोजमाप करून द्यायला सांगितले आणि मी काढीन तो आकडा मान्य असेल असे साध्या कागदावर लिहून सह्या केल्या. दोघांची नावे येथे देण्याचे कारण नाही. प्रकरण मात्र तपशिलाने मांडण्यासारखे आहे, कारण आठपैकी एक सोडली तर कोणतीही बाब वरवर पाहता दिसत होती तशी निघाली नाही.

करारातील एक ओळ

करार २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या मुहूर्तावर, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर झाला होता. तो दीड पानांचा होता. नकाशाप्रमाणे सर्व काम मटेरियलसह, दर १,८५० रुपये चौरस फूट, क्षेत्रफळ तळमजला व पहिला मजला मिळून १,५०० चौरस फूट, पाया जमिनीपासून ५ फूट, जोते (घराचा चौथरा) रस्त्यापासून २ फूट, जमिनीखालील पाण्याची टाकी ५,००० लिटर, फरशी चौरस फुटाला ५५ रुपयांपर्यंतची, पाणी आणि वीज मालकाची, इतके त्यात स्पष्ट होते. आमच्याकडच्या घरगुती करारांच्या मानाने हा बराच नेटका कागद म्हणावा लागेल. शेवटची ओळ अशी होती : ‘जादा काम झाल्यास त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील.’

ही ओळ दोघांनाही न्याय्य वाटली होती आणि ती तशी न्याय्यच आहे. जादा काम कोणी सांगायचे, कोणत्या दराने करायचे आणि त्याचे माप कधी घ्यायचे, यांपैकी मात्र तिच्यात काहीच नाही. सरकारी कामात जादा बाब निघाली की तिचा दर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि जे काम मातीखाली किंवा गिलाव्याखाली झाकले जाणार आहे त्याचे माप झाकण्यापूर्वी माप पुस्तकात चढवून त्यावर ठेकेदाराची सही घ्यावी लागते. नोकरीत असताना या पद्धतीचा मला अनेकदा कंटाळा येत असे. या घराच्या आवारात तिची आठवण वारंवार आली.

चौरस फुटाच्या दरात घर मोजणे ग्राहकाला सोपे जाते, म्हणून ती पद्धत रूढ झाली आहे. परंतु चौरस फूट हे आडवे माप आहे आणि जमिनीखालचा खर्च उभ्या मापात वाढतो. पाया पाच फुटांवर थांबला काय किंवा आठ फुटांवर गेला काय, वरचे क्षेत्रफळ १,५०० चौरस फूटच राहते. आठपैकी सर्वांत मोठ्या तीन बाबींपैकी दोन नेमक्या या फटीतून आलेल्या होत्या.

जोते : सरांचा राग आणि ठेकेदाराचा हक्क

सरांना सर्वांत जास्त संताप जोत्याच्या १ लाख ९० हजार रुपयांचा आला होता, म्हणून मी मोजणी तेथून सुरू केली.

भूखंड शामरावनगर परिसरात आहे. सखल भाग, काळी माती, आणि पावसाळ्यात साचलेले पाणी हलायला वेळ लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तेव्हापासून सांगलीत घर बांधणारा माणूस नकाशात खोल्या पाहण्याआधी जोत्याची उंची विचारतो. असे असूनही करारात २ फूट जोते लिहिले गेले, कारण करार करताना ठेकेदाराने आधीच्या घराचा मसुदा समोर ठेवला होता आणि ते घर विश्रामबागच्या उंच भागातले होते.

जानेवारी २०२३ मध्ये जोत्याच्या भिंती उठू लागल्यावर सर शाळा सुटल्यानंतर जागेवर गेले. शेजारच्या कुंपणभिंतीवर २०१९ च्या पाण्याची तांबूस रेघ अजून दिसत होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘याच्या वर घ्या.’ ठेकेदाराने उत्तर दिले, ‘होईल की सर, थोडा मुरूम जादा लागेल.’ ही दोन्ही वाक्ये दोघांनीही माझ्यासमोर जवळजवळ शब्दशः मान्य केली. सरांच्या मनात ‘थोडा’ या शब्दाची किंमत दहा-वीस हजार रुपये होती. ठेकेदाराच्या मनात ती किती होती हे त्यालाही त्या दिवशी ठाऊक नव्हते.

जोते २ फुटांऐवजी साडेचार फूट झाले. तळमजल्याचे ८२० चौरस फूट अडीच फुटांनी उचलायचे म्हणजे २,०५० घनफूट पोकळी. त्यातून आतल्या-बाहेरच्या १९० फूट लांबीच्या नऊ इंची भिंतींचे ३५६ घनफूट वजा केले की १,६९४ घनफूट भराव उरतो. मुरूम धुम्मस करून बसवल्यावर आकसतो, म्हणून गाडीतला सैल मुरूम पाव हिश्शाने जास्त धरावा लागतो. अशा रीतीने २१ ब्रासांहून थोडा अधिक मुरूम लागतो (ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे नव्याने घर बांधणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो). ठेकेदाराकडे मुरमाच्या गाड्यांची चलने होती आणि ती या आकड्याशी जुळली. २,१०० रुपये ब्रास दराने ही रक्कम ४४,५२० झाली. भिंतींचे वीटकाम ६५,८६० रुपये. बारा कॉलमची अडीच फूट वाढीव उंची, काँक्रीट, सळई आणि सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) धरून १९,०८५. बाहेरच्या बाजूचा वाढीव गिलावा १३,०५०. आणि अंगणातून दारापर्यंत वाढलेल्या पाच पायऱ्यांचे १२,००० रुपये. एकूण १,५४,५१५, म्हणजे ढोबळमानाने १ लाख ५४ हजार ५०० रुपये.

दर कोठून आणले, हा प्रश्न सरांनी लगेच विचारला आणि तो योग्य होता. सामानाचे दर ठेकेदाराच्याच खरेदी बिलांवरून घेतले आणि मजुरीचे दर त्याच भागात काम करणाऱ्या दुसऱ्या दोन ठेकेदारांना विचारून त्यांच्या मधला आकडा धरला. ठेकेदाराचा नफा या दरांत आलेला आहे. त्याने लिहिलेल्या १ लाख ९० हजारांत तो दुसऱ्यांदा आला होता.

म्हणजे ज्या बाबीला सर ‘सरळ दरोडा’ म्हणत होते, तिच्यातील चार-पंचमांश रक्कम रास्त होती. सरांचे म्हणणे असे की लेखी काहीच नाही, मग पैसे कसले? भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७० याचे उत्तर देते : एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो. साडेचार फुटांच्या जोत्यावर राहायला जाणारा माणूस अडीच फुटांचे पैसे कागद नाही म्हणून नाकारू शकत नाही. हे ऐकून सर बराच वेळ गप्प राहिले. त्यांना माझी बाजू ठेकेदाराकडे झुकलेली वाटली असावी.

पाया : दोन खड्डे

पायाच्या बाबीत प्रकार उलटा निघाला. ठेकेदाराने ‘पाया जादा खोल’ एवढेच लिहून १ लाख ३५ हजार रुपये लावले होते. फोड मागितल्यावर त्याने खोदाई व पाणी उपसणे ४० हजार, मुरूम भराव ३८ हजार आणि काँक्रीट-सळई ५७ हजार असे सांगितले. त्याच्या म्हणण्यानुसार पाया नऊ फूट खाली गेला होता. सरांच्या मते तो सातपेक्षा जास्त नव्हता, कारण खड्ड्यात उतरलेल्या गवंड्याचे डोके त्यांना वरून दिसत होते.

पाया खोल गेला यात ठेकेदाराचा दोष नव्हता. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेले फुटिंग, म्हणजे कॉलमखालची काँक्रीटची रुंद बैठक, तिच्याबरोबर वर-खाली होते आणि वरच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून ती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जावेच लागते. संरचना अभियंत्याच्या आराखड्यावर ‘५ फूट किंवा कठीण थर, यांपैकी जे खोल असेल ते’ असे लिहिलेले होते आणि परवानगीसाठी त्या आराखड्यावर सरांचीही सही होती. करारात त्यातला फक्त पहिला अर्धा भाग उतरला होता. पाच फुटांच्या खालची खोली मालकाच्या खर्चाची, हे सरांनी आराखडा पाहिल्यावर मान्य केले. वाद उरला तो खोली किती, एवढाच, आणि जिच्यावर सगळे अवलंबून ती गोष्ट वर्षभरापासून मातीखाली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये खड्डे उघडे असताना कोणी टेप लावला असता तर हे काम दहा मिनिटांचे होते. सरांच्या मोबाइलमध्ये त्या दिवसांची सतरा छायाचित्रे निघाली. त्यांतली बरीचशी भूमिपूजनाच्या नारळाची होती आणि एकाही खड्ड्यात मोजपट्टी नव्हती.

शेवटी आम्ही पुन्हा खोदले. बारापैकी दोन कॉलम निवडले, एक पुढच्या बाजूचा पोर्चजवळचा आणि एक मागच्या कोपऱ्यातला. प्रत्येकाच्या एकाच अंगाला, माणूस उतरेल एवढाच खड्डा, फुटिंगच्या माथ्यापर्यंत घेतला. तळापर्यंत गेलो नाही, कारण भार असलेल्या फुटिंगची बाजू तळापर्यंत मोकळी करणे शहाणपणाचे नसते. फुटिंगची जाडी आराखड्यावरून धरली. मूळ जमिनीची पातळी घराच्या आवारात भरावामुळे हरवली होती, म्हणून शेजारच्या मोकळ्या भूखंडावरून लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, ती आणली. खड्डे त्याच दिवशी सायंकाळी बुजवले. पुढच्या कॉलमचा पाया मूळ जमिनीपासून ७ फूट ३ इंच निघाला आणि मागच्याचा ८ फूट ६ इंच. सरासरी ७ फूट साडेदहा इंच. हिशेबाला आम्ही ८ फूट धरले. म्हणजे जादा खोली तीन फूट. दोघांचेही अंदाज चुकले होते, आणि तेही जवळपास सारख्याच अंतराने.

खोलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र खड्ड्याच्या भिंतीतून दिसली. मुरमाचा म्हणून ज्या भरावाचे ३८ हजार लावले होते, तो भराव काळ्या मातीचा होता. मधून मधून विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोणीची एक चिंधी. खोदून वर काढलेलीच माती पुन्हा आत ढकललेली होती. ठेकेदाराने खड्ड्यात वाकून पाहिले आणि म्हणाला, ‘साहेब, तेव्हा पाणी लागलं होतं, माती बाहेर टाकायला जागा नव्हती.’ त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत पाऊस होता आणि खड्ड्यात पाणी लागले होते हे खरे. पण त्याने माती का भरली याचे ते कारण होते. मुरमाचे पैसे का लावले याचे नव्हते. आपण चलने न पाहता अंदाजाने रक्कम लिहिली, हे त्याने थोड्या वेळाने कबूल केले.

मुरूम वगळल्यावर हिशेब असा झाला. उघड्या खड्ड्याची बाजू काळ्या मातीत ढासळते, म्हणून पाच फूट चौरस फुटिंगसाठी खड्डा साडेसहा फूट चौरस धरला. बारा खड्डे, तीन फूट जादा, म्हणजे १,५२१ घनफूट किंवा १५.२ ब्रास. खोदाई आणि तीच माती परत भरणे मिळून २४,३३० रुपये. कॉलमच्या वाढलेल्या तीन फुटांत सुमारे ३४ घनफूट काँक्रीट, १४४ चौरस फूट सेंट्रिंग आणि १३५ किलो सळई बसली. सळईचे वजन काढायला व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ हे सूत्र पुरते. त्याने एका मीटरचे किलो मिळतात, आणि १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो भरते. या सगळ्याचे २२,८९० रुपये झाले. तीन दिवस पंप चालवल्याचे ४,५०० धरले. एकूण ५१,७२०; पूर्ण आकड्यात ५२ हजार.

क्षेत्रफळ नावाची सोय

तिसरी मोठी बाब २ लाख ५९ हजार रुपयांची होती. करारात १,५०० चौरस फूट, ठेकेदाराच्या अंतिम मोजणीत १,६४०. फरक १४०, गुणिले १,८५०. त्याने स्लॅबच्या कडेपासून कडेपर्यंत माप घेतले होते, आणि त्यात पोर्चचे ८४, बाल्कनीचे ३६ व खिडक्यांवरील छज्जांचे २० चौरस फूट आले होते.

क्षेत्रफळासाठी ‘बिल्टअप’ (बांधीव) हा शब्द करारात होता, त्याची व्याख्या नव्हती. मूळ १,५०० चा आकडा कसा आला हे पाहण्यासाठी नकाशावरून भिंतींच्या बाहेरील कडा धरून मी पुन्हा बेरीज केली. ती बाल्कनी धरूनच १,५०० होत होती. म्हणजे बाल्कनी दोनदा मोजली गेली होती. छज्जाचे क्षेत्रफळ वेगळे मोजण्याची पद्धत आमच्याकडे नाही, आणि ठेकेदारानेही त्यासाठी फार ताणले नाही. पोर्च मात्र खरोखरच १,५०० मध्ये नव्हता. सरांचे म्हणणे, पोर्च नकाशात होता आणि करार ‘नकाशाप्रमाणे सर्व काम’ असा आहे. ठेकेदाराचे म्हणणे, करार दर गुणिले क्षेत्रफळ असा आहे आणि पोर्चचे क्षेत्रफळ त्यात धरलेले नाही. दोन्ही वाचने तितकीच बरोबर आहेत, आणि अशा ठिकाणी मला कागदापेक्षा प्रघात बरा वाटतो. भिंती, खिडक्या, प्लंबिंग नसलेला पोर्च येथे सहसा निम्म्या दराने धरतात. ४२ चौरस फुटांचे ७७,७०० रुपये झाले. हा निर्णय दोघांनाही थोडा बोचला.

उरलेल्या बाबी

पाण्याच्या टाकीचे ४५ हजार दोन मिनिटांत मान्य झाले. सरांनी डिसेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर ‘टाकी ८ हजार लिटरची करा’ असे लिहिले होते, ठेकेदाराने ‘४५ जादा होतील’ असे उत्तर दिले होते आणि त्याखाली सरांनी होकाराच्या अंगठ्याचे चिन्ह टाकले होते. आठ बाबींपैकी आधी दर सांगून झालेली एवढी एकच.

टँकरच्या २८ हजारांत करार सरांच्या विरुद्ध होता, कारण पाणी मालकाचे होते आणि उन्हाळ्यात त्यांच्या कूपनलिकेचे पाणी आटले होते. पावत्या मात्र २८ टँकरच्या, प्रत्येकी ७०० रुपयांच्या, म्हणजे १९,६०० रुपयांच्या निघाल्या, तेवढेच धरले. न्हाणीघराची भिंत पाडून पुन्हा बांधल्याचे २४ हजार शून्यावर आले, कारण ती मुळात नकाशापेक्षा नऊ इंच सरकवून बांधली गेली होती आणि चूक मिस्त्रीची होती.

सळईच्या भाववाढीच्या ६२ हजारांची कथा थोडी वेगळी आहे. करारात भाववाढीचे कलम नव्हते, तेवढ्यावरच ही बाब संपली असती. पण ठेकेदार भाव वाढल्याचे इतक्या खात्रीने सांगत होता की मी बिले चाळली. करार झाला तेव्हा, एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर पोलादाचे भाव चढलेले होते. मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि देशांतर्गत भाव उतरले. या घराची सळई नोव्हेंबरनंतर खरेदी झाली होती आणि त्याच्या स्वतःच्या बिलांवर करारावेळपेक्षा कमी भाव होता. त्याला बहुधा मागच्या एखाद्या कामाची आठवण होत असावी. सर म्हणाले, ‘मग उतरलेल्या भावाचे पैसे मला परत द्या.’ कलम नसेल तर ते दोन्ही दिशांनी नसते, हे त्यांनाही सांगावे लागले.

शेवटची बाब वस्तू व सेवा कराची. आधीच्या सात बाबींची बेरीज ७ लाख ४३ हजार, तिच्यावर १८ टक्के म्हणजे १ लाख ३३ हजार ७४०. ठेकेदाराकडे नोंदणी क्रमांक मागितला, तो नव्हता. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ग्राहकाकडून हा कर गोळा करता येत नाही, म्हणून बाब गेली. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवा देणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते, आणि मटेरियलसह घरे बांधणाऱ्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला एक-दोन कामे पुरतात. तो त्याचा आणि कर विभागाचा प्रश्न होता, म्हणून मी तो फक्त त्याच्या कानावर घातला. घर बांधणाऱ्यांनी मात्र येथे एक फरक लक्षात घ्यावा. स्वतःच्या जागेवरील एकट्या घराचे काम फक्त मजुरीच्या ठेक्याने दिले, तर २०१७ च्या अधिसूचनेनुसार त्या मजुरीवर हा कर लागत नाही. मटेरियलसह ठेका नोंदणीकृत ठेकेदाराला दिला तर १८ टक्के लागतो, आणि दर करासह की कराविना हे करारात लिहिलेले नसेल तर एवढा एक मुद्दाही घराचे अंदाजपत्रक कोलमडायला पुरतो. या प्रकरणात ठेकेदार नोंदणीकृत असता तर सरांची स्थिती बरीच अवघड झाली असती.

तक्रार करता आली असती का

सरांनी सुरुवातीला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाण्याचा विचार केला होता. तो कायदा प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. आपल्याच २,००० चौरस फुटांच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणे त्यात येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मात्र लागू होतो, कारण त्यातील ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, २० ते ५० लाखांच्या प्रकरणाला शुल्क १,००० रुपये आहे आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. किल्ली अडवून ठेवणे आणि न भरलेल्या मुरमाचे पैसे मागणे, हे दोन मुद्दे तेथे सरांच्या बाजूने गेले असते. जोत्याचे पैसे मात्र तेथेही चुकले नसते, आणि पाया किती खोल आहे हे सांगायला आयोगालाही कोणीतरी अभियंता नेमून खड्डाच खणवावा लागला असता.

हिशेब करताना एक उलटी बाबही सापडली. फरशी ५५ रुपयांपर्यंतची ठरली होती आणि बसवलेली ४२ रुपयांची होती. ती सरांच्या पत्नींनीच पसंत केली होती, तेव्हा फसवणुकीचा प्रश्न नव्हता. पण १,१५० चौरस फुटांवर १३ रुपयांप्रमाणे १४,९५० रुपये वाचले होते आणि ते कोणाचे, हे कोणी विचारलेच नव्हते. जादा कामाची यादी ठेकेदार करतो. कमी झालेल्या कामाची यादी करणे मालकाला सुचत नाही.

तडजोड

मान्य झालेल्या बाबी अशा : जोते १,५४,५००, पोर्च ७७,७००, पाया ५२,०००, टाकी ४५,०००, टँकर १९,६००. बेरीज ३,४८,८००, फरशीचे १४,९५० वजा जाता ३,३३,८५० रुपये. ८ लाख ७६ हजारांच्या मागणीपैकी हे ३८ टक्के होतात. मूळ करारातले सव्वा लाख धरून सरांना एकूण ४ लाख ५८ हजार ८५० रुपये द्यायचे होते. त्यांतले ३३,८५० रुपये गच्चीची गळती तपासण्यासाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायचे ठरले आणि ४ लाख २५ हजार त्याच आठवड्यात द्यायचे ठरले. गृहकर्जाचे बँकेकडून मिळणारे हप्ते संपले होते, बँक वाढीव रकमेला तयार नव्हती, म्हणून सरांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किल्ली मिळाली आणि वास्तुशांती ठरल्या दिवशी झाली. ठेकेदार जेवायला आला होता.

तडजोडीचा कागद मी स्वतः लिहिला. ठेकेदाराने पुढे आणखी एखादे पान काढू नये, याची सरांना धास्ती होती, म्हणून त्यात एक वाक्य घातले : ‘गच्चीची गळती वगळता या बांधकामाबाबत दोन्ही पक्षांची परस्परांकडे यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही.’

२०२४ चा पावसाळा गेला. गच्चीला पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेने एका ठिकाणी ओल आली होती, ती ठेकेदाराने येऊन दुरुस्त केली, आणि ऑक्टोबरमध्ये राखून ठेवलेले ३३,८५० रुपये घेण्यासाठी तो सरांकडे आला तेव्हा सरांनी मलाही बोलावले. पोर्चची फरशी पुढच्या कॉलमच्या भोवती इंचभर खाली बसली होती आणि सांध्यातून पाणी आत मुरत होते. खाली काय आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होते, कारण मागच्या वर्षी त्याच कॉलमच्या अंगाने आम्ही खड्डा घेतला होता. पायाच्या बिलातून मुरमाचे पैसे वजा करताना, मुरमाच्या जागी राहिलेल्या काळ्या मातीचे काय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. सरांनी दुरुस्तीचा विषय काढला. ठेकेदाराने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मी लिहिलेल्या वाक्यावर बोट ठेवले. सरांनी त्याला पूर्ण ३३,८५० रुपये दिले आणि पोर्चची फरशी उकरून तिच्याखाली मुरूम भरून घेण्याचे काम दुसऱ्या मिस्त्रीला सांगितले. त्या वेळी मात्र भराव टाकण्यापूर्वी त्यांनी खड्ड्यात टेप उभा धरून छायाचित्र काढले आणि मला पाठवले.